बारा फरश्या

गच्चीवर बारा शहाबादी फरश्या आहेत,
दोन-दोन फुटांच्या, एका रांगेत.
बाराव्या फरशीवर टोपलं.
मी कधी पाचवीवर, हिंमत असली तर पहिलीवर.

टोपलं मीच केलंय.
तळाला उद्यमबागेतलं नापास फ्लायव्हील,
ओतताना पोटात हवा राहिलेलं.
त्यात उभा पाइप, पाइपावर सायकलची जुनी रिम,
रिमेला लोंबणाऱ्या अठरा साखळ्या,
खाली जाळीची परडी.
वैजयंताला वाटलं, कोंबड्या पाळतोय.

भाचा बेळगावात आला होता, दोन वर्षांनी, तिकडून.
जाताना तीन तबकड्या ठेवून गेला.
म्हणाला, मामा, हाही गोल्फच,
पण काठी नाही, चेंडू नाही.
डिस्क फेकायची, तिच्या मागं चालायचं,
झाडाझुडपातून, टोपल्यापर्यंत.
चालायला इथं रान कुठलं?
मी शेवटचंच तेवढं शिकतोय:
समोर पोचल्यावर काय करायचं ते.

तेच अवघड असतं म्हणे.

पहिली पाळी सुटली की चहा,
मग पुढच्या पायावर वजन, मनगट सैल,
आणि तबकडी सुटल्यावरही बोटं
टोपल्याकडं उघडी राहिली पाहिजेत,
दिलेलं परत मागायचं नसल्यासारखी.
लेथवर मी मायक्रॉन पकडतो.
इथं वीतभर चुकतो
आणि कोण जॉब परत पाठवत नाही.

एकदा मात्र सांडग्यांच्या मधोमध उतरली.
तेव्हापासून अकरा ते चार फेकणं बंद.

शेजारच्या गच्चीवर चंद्रप्पा हत्तरगी.
वडगावच्या याच गल्लीत चाळीस वर्षं माग चालवले,
मागांनी जाताना कान नेले.
आमच्यामध्ये गुडघाभर भिंत.
पहिल्या दिवशी विचारलं, "काय करालास रे?"
मी सांगितलं ते पोचलं नाही.
दुसऱ्या दिवशी खुर्ची घेऊन आले
आणि मोजायलाच लागले.
ओंदु. एरडू. मूरु.
मी तोंडातल्या तोंडात एक, दोन, तीन.
भाषेवाचून काही अडलं नाही.
अडलं ते आकड्यावर.

पन्नासात माझे एकतीस भरले, त्यांचे सव्वीस.
दुसऱ्या दिवशी चौतीस, आणि त्यांचे सत्तावीस.
मी बोटं दाखवली, त्यांनी बोटं दाखवली,
दोघांचा चहा गार झाला.

मग कळलं, मी आवाज मोजत होतो.
साखळी छणकली की माझी एक.
त्यांना छणक ऐकूच येत नाही,
परडीत काय राहिलं तेवढं ते बघतात.
साखळीला लागून पलीकडून निसटलेली
माझ्या वहीत आत,
त्यांच्या वहीत "होरगे". बाहेर.

त्या रात्री पडल्या पडल्या हिशेब काढला,
नुसत्या छणकेवर मी
आजवर काय काय जमा धरलंय.
ते राहू दे.

शनिवारी संध्याकाळी वीज गेली.
गल्लीतले सगळे माग एका दमात थांबले,
कुत्रंसुद्धा भुंकायचं विसरलं.
मी पाचव्या फरशीवर, तिन्ही तबकड्या हातात,
काळ्यात काळं टोपलं.
चंद्रप्पा भिंत ओलांडून आले, चपला चाचपत,
आणि पाइपावर तळवा ठेवून उभे राहिले,
माग बरा चाललाय का बघायला
चौकटीवर ठेवत असतील तसा.

फेकली. छणकली.
"इल्ला," म्हणाले.
पुन्हा. छान छणकली, लांबपर्यंत.
"इल्ला."
तिसरी छणकलीच नाही.
गेली वाटतं हत्तरग्यांच्या टाकीमागं,
म्हणून मी पाऊल उचललं, तर अंधारातून:
"ओंदु."

मग खाली वाकले, फरशीवर हात फिरवत फिरवत
बाहेरच्या दोन शोधल्या,
माझ्या हातात आणून दिल्या.
"हाक," म्हणाले.
त्यांच्यात हाक म्हणजे टाक.
मी टाकली.