एक नग, चालू स्थितीत

रोशनीघरच्या खिडकीपाशी दोन रांगा,
एक माणसांची, एक पंख्यांची.
पंखे जमिनीवर, पाती काढून सुतळीने बांधलेली,
कोंबडे पाय बांधून बाजारात आणतात तसे.
आमचा सगळ्यांत जड.
लोखंडी, काळपट हिरवा, मामंजींनी घेतलेला.
यांनी तो सायकलच्या कॅरिअरला आवळला
आणि जनकगंजपासून इथवर
एक शब्द बोलले नाहीत.

योजना सरकारी. जुना द्या, नवा घ्या,
अर्धे पैसे शासन भरेल.
ऐंशी वॅटच्या जागी अठ्ठावीस.
खिडकीतला नीलेश कुशवाह हे पाढ्यासारखं म्हणतो,
मग विचारतो, "मीटर किसके नाम है?"
मीटर मामंजींच्या नावावर.
मामंजींना जाऊन छत्तीस वर्षं झाली,
बिल मात्र त्यांनी एकदाही चुकवलं नाही.
"जिंदा उपभोक्ता चाहिए, आंटी."
म्हणून तीन खेपा, एक शपथपत्र, मृत्यूचा दाखला,
आणि शेवटी मी, शरयू भास्कर इंगळे,
अडुसष्टाव्या वर्षी
विजेच्या दप्तरात जन्माला आले.

पावती मिळाली:
छताचा पंखा, जुना, एक नग, चालू स्थितीत.
हे ती ओळ वाचत तिथेच उभे.
"चालू आहे ना? मग काढता कशाला?"
मागच्याने कोपर लावलं, रांग पुढे सरकली.

बिर्लानगरच्या गिरणीनेही यांना
चालू स्थितीतच घरी पाठवलं होतं.
पावती नव्हती.

बावीस वर्षं मागांच्या खडखडाटात उभं राहून
कान अर्धे तिकडेच राहिलेले.
घरी तो पंखा, उरलासुरला एक माग.
त्याच्याखाली आम्ही संसार केला, ओरडून.
भाजी काय करू, ओरडून.
वंदूला बघायला येताहेत, ओरडून.
जिन्यापलीकडच्या तोमरांना आमचं घर तोंडपाठ.

नवा पंखा पांढरा, हलका,
फिरतो की नाही ते कॅलेंडरला विचारावं लागतं.
पहिल्या रात्री हे तीनदा उठले.
"लाइट गेली का?"
"नाही गेली."
"मग?"
मग काय सांगू.
मे महिना, वर दगडी पटियांचं छत,
दिवसभर जेवढं ऊन घेतलं
तेवढं रात्री परत करतं, व्याजासकट.
वारा येत होता अंगावर, नुसता वारा,
त्याचा माणूस कुठे दिसत नव्हता.

दोन-अडीचला मोरीतला नळ ठिबकायला लागला.
म्हणजे ठिबकत असणार आधीपासूनच.
तोमरांची सून फोनवर हसत होती.
लांब कुठेतरी मालगाडी.
मी कूस बदलली, खोकले.
हे अंधारात उठून बसले.
"तू खोकतेस?"
"हो."
"कधीपासून?"
मी बोटं मोजली.
"वंदूच्या धाकट्याचं बारसं झालं तेव्हापासून.
दोन वर्षं."
एवढं मी हळू म्हटलं होतं,
तरी त्यांना ऐकू गेलं.
त्याचीच मला भीती वाटली थोडी.

आता बिल येतं माझ्या नावाने.
मागचं अकराशे चाळीस होतं, हे आठशे पाच.
हे चष्मा लावून युनिट तपासतात,
वजाबाकी पेन्सिलीने पाठीमागे करतात,
आणि उरलेल्या पैशातून
मला कंपूच्या डॉक्टरकडे नेऊन आणतात.
छातीचा फोटो साफ आला. तरी औषध चालू.

परवा कार्यालयातून कुणा मुलीचा फोन:
पंखा कैसा चल रहा है, कोई शिकायत?
यांनी बराच वेळ विचार केला.
मग तिलाच विचारलं,
तुमच्याकडे छताला चुना द्यायचीही योजना आहे म्हणे,
तिचा अर्ज कुठे मिळतो?
आणि ओरडू नकोस बेटा,
ऐकू येतंय.