मुका मार

वॉसॉ, विस्कॉन्सिन. बाहेर उणे एकवीस.
डेल क्रूगरच्या तळघरात भट्टी घुरघुरते आहे.
जाळी काढलेल्या पिंगपाँगच्या टेबलावर
ऑर्विनचा सरदार, शिशाचा, अंगठ्याएवढा,
पुलाच्या मधोमध. समोर राक्षस.
हिशेब माझ्याकडे. पेन्सिल, खोडरबर.

डेल वीस बाजूंचा फासा टाकतो.
सतरा.
पोलादी चिलखताला अठरा लागतात.
"चुकला," म्हणतो डेल, आणि चिप्सकडे हात नेतो.

"चुकला कसा?"
ऑर्विन तेस्लाफ, बत्तीस वर्षं कागदगिरणीत.
"ओंडक्याएवढा सोटा. पूल तीन फूट रुंद.
मी लोखंडात जखडलेला, वाकताही येत नाही मला.
चुकून जाईल कुठे?
लागला तो. मला किती लागलं, ते सांग."

मी पेन्सिल खाली ठेवते.
एकाच शब्दात दोन गोष्टी राहतात,
वार लागणं आणि माणसाला लागणं,
आणि आमचा नियम दोघींना एकाच फाशात उरकतो.

ऑर्विन टोपी काढतो. "क्रेनचा आकडा.
हेल्मेट घातलं म्हणून तो वाट बदलून गेला नाही.
डोक्यावरच आला, सरळ.
हेल्मेटला चीर. मला रक्ताचा थेंब नाही.
नुसता मुका मार.
आठ दिवस मी बायकोला बहिणीच्या नावानं हाक मारत होतो."

बरं, म्हणतो डेल. मग वजाबाकी करू.
पोलादाचे सहा. साखळीचे चार. कातड्याचे दोन.
सोट्याचे अकरा, वजा सहा, पाच.
मी पाच खोडते. ऑर्विन खूश,
मार खाऊन इतकं खूश कोणाला मी पाहिलं नव्हतं.

पण पुलाखालून बुटके येतात, सुऱ्या घेऊन,
चार बाजूंचा फासा त्यांचा. चारातून सहा कसे जाणार?
तीस बुटके सरदाराला भोसकतायत,
दिव्याच्या खांबाला मुंग्या लागाव्यात तसे,
आणि तो उभ्या उभ्या जांभई देऊ शकतो.
"हा माणूस आहे की तिजोरी?" ब्रॉडी विचारतो.
तो पंधराचा. त्याला फक्त पुढे जायचंय.

माय सी शाँग इतका वेळ गप्प होती.
तिची चोरटी कातड्यात फिरते, दोन गुणांच्या.
दिवसा ती हॉस्पिटलात क्ष-किरण काढते.
"महामार्ग एकोणतीस," ती म्हणते, "बर्फ पडला की.
ज्यांनी पट्टा लावलेला असतो
त्यांच्या छातीवर तिरका जांभळा पट्टा उमटतो,
कधी एखादी बरगडी. आणि ते मला शिव्या घालतात,
पट्ट्याला घालतात, श्वास घेववत नाही म्हणतात.
मी म्हणते, घ्या, हळूहळू घ्या.
न लावणाऱ्यांची तक्रार
माझ्या खोलीपर्यंत येत नाही."

भट्टी बंद पडते, पुन्हा सुरू होते.

"किमान एक," ती म्हणते. "पत्रा कितीही जाड असो,
लागला की एक आत जाऊ दे."
एकच का, यावर वीस मिनिटं.
डेलला अर्धा हवा होता. अर्धा कसा खोडायचा, मी विचारलं.

मग तीस बुटके, एकेक.
सरदार पडला नाही, तलवार सुटली नाही,
पण मी खोडत राहिले, सत्तावीस, सव्वीस, पंचवीस,
त्याच एका चौकटीत,
आणि अकराशी कागद फाटला.
कागद ऑर्विनच्या गिरणीचा असेल, नसेलही.
त्यानं भोकातून माझ्याकडे पाहिलं. खेळ तिथेच थांबवला.

रात्री साडेअकरा. गाड्यांच्या काचा खरवडतोय आम्ही.
ऑर्विन, दोन कोट, कानटोपी, लोकरीचे मोजे,
पायरीवरून घसरतो आणि बसतोच.
"लागलं का?" माय सी ओरडते.
"छे!"
उठतो, झटकतो, गाडीपर्यंत जातो, दार उघडतो.
मग छपरावरून, वाफेच्या ढगाआडून:
"एक."