निवळ की गढूळ

या धरणाला दरवाजे नाहीत.
म्हणून नागपूरहून गाडी करून
कुणी बघायला येत नाही.
उमरेड सोडलं की भिवापूरच्या अलीकडे, उजव्या हाताला
मोहटोल्याची पाळ: सहाशे दहा मीटर लांब,
अकरा मीटर उंच, पोटात काळी माती,
अंगावर मुरूम, पाण्याकडच्या कुशीला दगड.
लांबून गवताळ टेकाड वाटतं.
मीही पहिल्या दिवशी विचारलं होतं, तलाव कुठाय?
तेव्हा आम्ही पाळीवरच उभे होतो.

डोमा मरसकोल्हे हसला नाही.
सत्तावीस वर्षं रोजंदारीवर आहे,
साहेब लोकांना कधी हसू नये हे त्याला कळतं.
मला पायथ्याशी नेलं,
चराजवळ उकिडवा बसला,
स्टीलचा पेला पाझराखाली धरला
आणि उजेडाकडे कलता केला.
"पाझरते तं पाझरू द्या, मॅडम.
माती हाये, घामेजते.
रंग पाहाचा फक्त.
निवळ आला तं घरी जाऊन जेवाचं.
गढूळ आला
तं पाणी नाही चाललं, पाळ चालली."

मी कॉलेजात चार वर्षं हेच शिकले होते.
पेला नव्हता एवढंच.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पोरं ओरडत शिवेकडे निघाली,
खोकला-पडसं घेऊन जा गे मारबत,
ढेकूण-मोंगसा घेऊन जा गे मारबत,
आणि मागून डोमाचा खर्ज:
घुशी, खेकडे, बाभळीच्या मुळ्या
घेऊन जा गे मारबत.
पोरांनी तेही उचललं.

आठवड्यानं तलाव भरला.
सांडव्यावर रातोरात रेतीची पोती चढली, वीतभर उंच.
वीतभर म्हणजे शेपटाकडच्या शेतांना एक पाणी जास्त.
हेमराज डडमलच्या मिरचीला
दोन वर्षं पाट पोचलाच नव्हता.
डोमानं पोती काढली. हेमराजनं परत रचली.
डोमानं परत काढली.
तिसऱ्यांदा रचलेली राहिली,
त्या रात्री डोमाला ताप होता.

मग दीड वाजता फोन.
"रंग पाहा लागते तुमाले."

पेल्यात दूध घातलेल्या चहासारखं काहीतरी.
पायथ्याशी, साखळी तीनशे वीसला,
मनगटाएवढी उकळी.
अशा जागी बोळा कोंबावा असं कुणालाही वाटेल.
हेमराज चिखलाचं ढेकूळ घेऊन धावलाच.
डोमानं त्याचा हात धरला.
कोंडलं की दुसरीकडून फुटतं.
आधी वाळू, तिच्यावर बारीक गिट्टी, मग दगड.
पाण्याला जा म्हणायचं,
मातीला थांब.

एवढ्या रात्री वाळू कुठली?

हेमराजनं आपलीच पोती पाठीवर घेतली,
सांडव्यापासून पायथ्यापर्यंत तेवीस खेपा.
पोती फाडताना कोयता जरा जास्तच जोरात मारला.
मोरीचं चाक आम्ही तिघांनी फिरवलं,
गंजानं आरडाओरडा केला, मग ऐकलं.

डोमाची बायको बेबीनंदा घरातले सगळे पेले घेऊन आली.
दर पंधरा मिनिटांनी एक, दगडावर ओळीनं.
बॅटरी मारून आत बघायचं.
चौथा तसाच.
पाचवा तसाच.
सातव्याचा तळ दिसला.
कुणी काही बोललं नाही,
बेबीनंदानं आठवा पुढे केला.

फूटभर पाणी नाल्यात सोडावं लागलं.
कुणाच्या वाट्याचं, ते सगळ्यांना माहीत होतं.

रजिस्टरात शेऱ्याचा रकाना दोन बोटांचा.
मी लिहिलं: पाझर नियंत्रणात.
रेती स्थानिक पातळीवर उपलब्ध झाली.
जीवित वा वित्तहानी निरंक.
हेमराजचा गहू निरंकमध्येच बसवला.

परवा गेले तर दोघं चराजवळ उकिडवे.
डोमाच्या उजव्या डोळ्यात मोतीबिंदू उतरलाय.
पेला हेमराजच्या हातात होता,
आणि डोमा विचारत होता,
"सांग नं बे, कसा हाये?"