पिवळं पडण्याविषयी

स्वान्सीत दमट हवा फुकट मिळते.
परवाची काचपट्टी टेबलावर उघडीच राहिली,
सकाळी काळीची पिवळी झालेली,
हळदीचं बोट पुसल्यासारखी.
पिवळी म्हणजे गेली. उजेड खात नाही मग.

एलुनेद म्हणाली, छिद्रांत भरून बघ.
अ‍ॅल्युमिनाची चाळण, भोकं इतकी बारीक
की केसाच्या जाडीत हजारभर मावतील.
सिझियम, शिसं, आयोडीन
थेंब थेंब मुरवलं, तापवलं,
आणि मुद्दाम झाकलं नाही.

आज एकविसावा दिवस.
खाडीवरून तोच आडवा पाऊस,
आणि ही अजून काळीच.
भिंती इतक्या जवळ
की अणूंना कूस बदलायला जागा नाही.
दिवा मारला की तांबडी पेटते,
मोठ्या स्फटिकाहून
किंचित केशरीकडे झुकलेली.
कोंडल्याची खूण तेवढीच.

जिन्यात प्रॉसरबाईंनी विचारलं,
माळ्यावरची खोली अरुंद नाही ना पडत?
ओठांवर आलं होतं, गिळलं.
माणसांना लावायची गोष्ट नाही ही.

म्हटलं, खिडकी तेवढी नीट लागत नाही.
हवा येते.