रकाना नऊ

सहसंचालक साहेबांची गाडी तळ्याच्या पाळीवरून उतरली
तेव्हा मी परीक्षानळ्या विसळत होतो.
धूळ ओळखीची होती, गाडी नव्हती.

कुणीतरी मागचं दार धरलं, मग कापगते सर उतरले.
अकरा वर्षं इथले प्राचार्य. तेव्हा सायकल होती,
स्टँड मोडका, रोज टेकवायला भिंत शोधायचे.

चहा आला, बिस्किटं बशीत उभी लावून.
सर पाहुण्याच्या खुर्चीत, समोर त्यांचीच जुनी खुर्ची रिकामी,
आणि नव्या प्राचार्य मॅडम उभ्याच.
कोणी कोणाला बसा म्हणावं, ठरेना.
मी म्हटलं, बसा ना जी दोघंबी.
सर हसले. हसू तेवढं जुनं होतं.

मग फाईल.
जावक क्रमांक एकशे सतरा:
प्रयोगशाळेचे छत गळते, नमुने भिजतात,
विद्यार्थी छत्री धरून सूक्ष्मदर्शकात पाहतात.
खाली हिरव्या शाईत पूर्ण नाव, हिरामण गोसाई कापगते.
आणि वर कोपऱ्यात शेरा:
त्रुटी. छायाचित्रे जोडलेली नाहीत. परत.
त्याखाली एक आडवी रेघ, शेपूट फुटलेली.
तीही त्यांचीच सही, नागपूरची.
शाई तीच.

मॅडमनी पान पटकन उलटलं.
सरांनी ते हळूच मागे आणलं.

जाताना म्हणाले होते मला, याच व्हरांड्यात,
‘इस्तारी, अर्ज लिहून थकलो.
आता अर्ज पोचतात तिथंच जाऊन बसतो.’
मी त्यांचा डबा बांधत होतो, मला पटलं होतं.

प्रयोगशाळेत सोबतचा बाबू प्रपत्र वाचत गेला.
रकाना नऊ: वाळलेल्या वनस्पतींचे तक्ते, चारशे बारा.
वाळवी. निर्लेखित करावे?
वरचाच तक्ता देवधानाचा.
छातीभर पाण्यात शिरून सरांनी उपटलेलं,
काठावर पोरं धोतराला हसत होती, मीही.
‘आमच्या कोहळ्यांनी तळी बांधली,
मी त्यात उगवलेलं कागदाला चिकटवतो फक्त,’
असं वर्गात सांगायचे.
आता ओंबी अर्धी उरलेली,
खालचं अक्षर मात्र शाबूत.

पेनचं टोपण निघालं, लागलं, निघालं.
‘मोज,’ सर म्हणाले.
मी मोजू लागलो.
दोनशे साठवर ड्रायव्हरनं हॉर्न दिला,
मी चुकलो, पुन्हा एकपासून धरलं.

तेव्हा सरांनी खिशातून मोबाइल काढला,
छताकडे धरला.
कार्तिक महिना. कोरडं छत, पिवळे डाग तेवढे.
फोटोत गळणं दिसेना.
बराच वेळ पाहत राहिले.
‘छत्री आहे का रे?’

आणली. उघडली.
बाहेर धान कापणीला आलेलं, आभाळ ताटासारखं स्वच्छ,
आणि मी सूक्ष्मदर्शकावर छत्री धरून उभा.
बाबू खिडकीबाहेर बघू लागला.
‘थोडी डावीकडं,’ सर म्हणाले,
‘खोटं नाही हं हे, इस्तारी.’
नाही जी, म्हटलं. गेल्या आषाढात असाच उभा होतो.

गाडी गेली. रकाना नऊ कोराच.
तक्ते मी मोजले संध्याकाळी, एकटाच,
तीनशे अठ्ठ्याण्णव भरले.
कोणाला कळवायचं, हे विचारायचं राहिलं.

पत्र अजून आलेलं नाही.
छत्री आता तक्त्यांच्या कपाटातच असते.