पावणेसहाची गाडी

रविवारी सकाळी इनास म्हणाला, चल,
आरोंद्याला फुटबॉल बघू.
त्याचं घड्याळदुरुस्तीचं दुकान, माझी मोजणी खात्यातली खुर्ची,
रविवारी दोघांनाही कुणी शोधत नाही.
घरातून विचारणा झाली,
"थंय तुमच्या ओळखीचो कोण खेळता?"
कोणी नाही.
म्हणूनच.

मैदान म्हणजे कापणी झालेला मळा.
भाताची खुंटं अजून तळव्याला टोचणारी,
आणि एक मेर, पेनल्टीच्या चुन्याला छेद देऊन गेलेली,
काढायची कुणी, यावर दोन भाऊ बोलत नाहीत.
गोलाला पेडव्यांचं जुनं जाळं,
त्यात कुठे कुठे खवला चकाकतो.
सातेरी स्पोर्ट्स निळे.
पालयेकर पूल ओलांडून टेंपोतून आलेले, पिवळे.
एकाला जर्सी पुरली नाही,
तो भावाच्या हळदीतला कुडता घालून खेळला,
आणि खरं सांगायचं तर सगळ्यांत चांगला तोच खेळला.

रेफरीनं इनासकडून घड्याळ मागून घेतलं.
मग इनासनं मॅच कसली बघितली,
तो त्या मनगटाकडेच बघत राहिला.

पहिला गोल मी बाटलीचं बूच फिरवत असताना झाला.
बरोबरीचा मेरेवर आपटून आत गेला.
मेर कुणाच्या नावावर आहे,
एवढं मला सांगता आलं असतं.

मध्येच बॉल खाडीत.
ओहोटी होती. गुडघाभर चिखलात
तिसऱ्या काढणाऱ्या बाईनं तो उचलला,
आधी धुतला,
उलटसुलट करून बघितला,
मग फेकला.
तोवर बावीस माणसं कमरेवर हात ठेवून उभी.

निळ्यांचा गोलकीपर न्हानू
सव्वापाचपासून वडाखालच्या एस्टीकडे बघत होता.
"गाडी चुकात रे!" कुणीतरी ओरडलं.
"माझ्याशिवाय कशी सुटतली?"
असं म्हणत त्यानं कुडतेवाल्याचा फटका छातीवर घेतला.

पाच चाळीस. एक-एक. पेनल्टी, पिवळ्यांना.
आणि वडाखालून हॉर्न,
लांबलचक, नियमातला.
न्हानूनं हातमोजे काढले,
काठावरच्या एका शाळकरी पोराच्या हातांत चढवले,
पोराला खूप मोठे झाले ते,
आणि धावत सुटला.
आम्हीही त्याच्यामागे.
घड्याळ तिथेच राहिलं.

गाडीत खाकीखालून निळी कॉलर,
कोपरावर मळ्याची माती.
"दोन सावंतवाडी," मी म्हटलं.
माझ्या हातून निसटलेलं पाचाचं नाणं
त्यानं हवेतच पकडलं,
माझ्याकडे न बघता.

मळेवाडच्या तिठ्यावर फोन वाजला.
"हं," न्हानू म्हणाला.
बराच वेळ नुसतं ऐकलं.
"बरा."

इनासनं मला कोपरखळी मारली, विचार म्हणून.
गाडीतले दिवे अजून लागले नव्हते,
चेहऱ्यावरून काही कळेना.
एक म्हातारी टोपली घेऊन सावकाश उतरली.
न्हानूनं टोपली खाली दिली,
दार ओढून घेतलं,
आणि दोरी दोनदा ओढली.