फटी मोज

गुजरीतल्या वसगडेकर सराफांचं पान करतेय,
पान म्हणजे दुकानाचं, इंटरनेटवरचं.
वरती साज पाहिजे म्हणाले, अर्धगोल, गळ्यात असतो तसा,
फोनवरही आणि मोठ्या पडद्यावरही.

मागं असं काम आलं तेव्हा
एकवीस पानांच्या एकवीस जागा हातानं लिहिल्या होत्या,
बेलपान इथं, मासा तिथं,
कासव त्याच्याखाली चार टिंबं.
कुणी फोन आडवा केला
की सगळं गळ्यातून सांडायचं.

आता स्टाइलशीटलाच साइन कळते, कोसाइन कळते.
एक उभं सांगते, एक आडवं.
त्रिज्या मी द्यायची,
कोन पानाच्या नंबरातून निघतो.

कुंभोजकर सर सांगायचे, साइनचं जुनं नाव ज्या,
म्हणजे धनुष्याची दोरी.
ज्याची ज्या त्यालाच लखलाभ, आम्ही मागच्या बाकावरून.
सरांच्या फळ्यावर ती वर चढायची.
पडद्यावर उलटं, तिथं वरून खाली मोजतात,
खाली जाणं म्हणजे अधिक.
दागिन्याला हेच बरं. तो लोंबतो.

तरी साज डावीकडं उघडा पडत होता.
एकशे ऐंशी भागिले एकवीस.
तीनदा तपासलं. भागाकार बरोबर, गळा वाकडा.
राजारामपुरीत खाली दुधाचे कॅन वाजायला लागले
तेव्हा झाकण मिटलं.

सकाळी दुकानात लॅपटॉप उघडला.
कोपऱ्यात हमीदाबी पटवेगार,
पायाच्या अंगठ्याला दोरा अडकवून साज गाठत.
मान अर्धीच वळवली.
"पानं मोजलीस व्हय?
पानं नगंस मोजू, पोरी. फटी मोज."

वीस.
फटीला नऊ अंश.
एक आकडा खोडला तर
शेवटचं पान डाव्या खांद्याशी जाऊन बसलं
आणि अकरावं, ताईत, बरोबर मधोमध,
जिथं कोसाइन शून्य होते आणि साइन पूर्ण एक.
मग प्रत्येकाला त्याच्याच कोनातून नव्वद वजा करून वळवलं,
तशी पानं छातीवर पसरली.

"झालं की!" वसगडेकरांनी चहा सांगितला.
हमीदाबींनी दातानं दोरा तोडला.
"आणि गोंडा?"
"मागचा कोण बघतंय, भाभी?"
"मी करतो न्हवं तो."
एवढंच. पुढचा साज अंगठ्याला लावला.

एकशे ऐंशीच्या पुढं साइन उणे होते.
तिकडं मासा नसतो, भुंगा नसतो,
रेशमाचा पीळ असतो, मानेवरच्या घामात भिजणारा,
आणि सरकती गाठ.
ती वरखाली करून बाई ठरवते
साज कुठवर उतरू द्यायचा.
म्हणजे त्रिज्या तिथं ठरते, आणि मी इतके दिवस
ती वरून देत होते.

रात्री दोन ओळी वाढवल्या.
लाल रेशीम, दोनशे सत्तर अंशांवर गोंडा.
तो पानाच्या वरच्या कडेबाहेर जातो,
कितीही वर सरकवा, दिसत नाही.
वसगडेकरांना सांगितलेलं नाही.

त्रिज्येचं नाव तेवढं बदललंय.
स्टाइलशीटमध्ये तिला आता
गोंडा म्हणते.